मंदारने पॉज करून ठेवलेला गेम

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगू का, निव्वळ करमणूक म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, गाडीला हात करणारी बाई... जेवताना वाचायला बरं असतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर सुटे भाग गेजमध्ये घालून बघायचे – बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. त्यामुळे 'मला भास झाला' वगैरे मी कधी पास केलेलं नाही. आता जे लिहितेय ते माझ्याच गेजमध्ये बसत नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवतेय.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ मंदार. मंदार ओझरला कामाला होता. तिशी उलटलेला घोडा, पण घरी आला की टीव्ही गेम. मोबाइलवरचा नाही हं – आमच्या लहानपणीचा, कॅसेटवाला. चालू होईना की कॅसेट काढून फुंकर मारायची. त्यात एक ठेंगणा शिपाई डावीकडून उजवीकडे पळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, वटवाघळं चुकवतो. मेला की पहिल्यापासून. सेव्ह करायची सोयच नाही. मला जन्मात पहिला खड्डा ओलांडता आला नाही. मंदार मात्र पार शेवटच्या तुटक्या पुलापर्यंत जायचा आणि तिथे पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अरे, काय मिळतं तुला यात?" मी चिडून विचारायचे.

"ताई, हा गेम चीटिंग नाही करत," तो म्हणायचा. "वटवाघूळ रोज त्याच जागी येतं. मेलो तर आपल्याच चुकीने मरतो. बाहेर कुठे आहे असं?"

त्या दिवशी सेकंड शिफ्टला निघायची वेळ झाली तेव्हा तो नेमका त्या पुलावर होता. त्याने गेम पॉज केला, टीव्ही बंद केला, गेमचा डबा तसाच चालू ठेवून वर रुमाल टाकला. "कोणी हात लावू नका, आल्यावर पुढे खेळतो." आणि ओझरहून परत येताना हायवेवर त्याच्या बाईकला ट्रकने उडवलं. तो ट्रक काही रोज त्या जागी येत नव्हता.

पुढचे दिवस मी कशी होते म्हणाल तर... बधिर. दुसरा शब्द नाही. लोक गळ्यात पडून रडत होते, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. आईने एवढंच बजावलं, "त्याचा गेम बंद करायचा नाही." रोज संध्याकाळी ती दिवा लावायची, मग त्याच्या खोलीत जाऊन टीव्ही लावायची आणि पुलावर थांबलेल्या त्या शिपायाकडे बघत बसायची. इन्व्हर्टर होता म्हणून लाईट गेली तरी तो टिकला.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. आई घरीच होती, मावशी साफसफाईसाठी थांबली होती. पिंड ठेवले... पण कावळा शिवेना. समोर भिंतीवर कावळ्यांची रांग, एक खाली उतरेल तर शपथ. काका हात जोडून म्हणाले, "मंदार, तुझ्या आईला आम्ही अंतर देणार नाही." काही नाही. त्याचा मित्र म्हणाला, "मंद्या, तुझी बाईक नीट करून ठेवतो रे." काही नाही. शेवटी मी पुटपुटले, "गेम कोणी बंद करणार नाही." भिंतीवरच्या एका कावळ्याने चक्क पाठ फिरवली.

गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. काकांनी नाइलाजाने आईला फोन लावला. "वहिनी, कावळा शिवत नाहीये. त्याचं काही राहिलंय का?" आईने नुसता फोन ठेवला. काका त्यानंतरही थोडा वेळ फोनकडे बघत उभे होते. ते तो खिशात घालतायत तेवढ्यात कावळा उतरला आणि शिवला. त्याला भूक लागली असेल, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

दुपारी जेवणं उरकली, माणसं गेली, आई आत पडली होती. मी मंदारच्या खोलीत गेले तर फरशी लख्ख पुसलेली, रुमालाची घडी घातलेली आणि गेमचा प्लग काढलेला. मावशी! पुसताना काढला असणार. दिवेलागणीला आई टीव्ही लावणार आणि तिथे शिपाई नसणार... तिने बघायच्या आत मला त्या पुलापर्यंत पोचायला हवं होतं. मला!

प्लग लावला, फुंकर मारली. पहिला खड्डा – मेले. पुन्हा – मेले. पण एक सांगते, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी समजत होतं. उडी लवकर मारली, म्हणून मेले. आणि ती परत मारायला मिळत होती. मंदार का खेळायचा ते मला तेव्हा कळलं.

मग माझे हात बदलले. याहून नीट सांगता येत नाही. बोटांना मुंग्या आल्या, अंगठे गार पडले आणि शिपाई पळायला लागला. खड्डा ओलांडला. वटवाघूळ दिसायच्या आधीच तो खाली बसला. मी कधी न खेळलेल्या जागांतून तो सरळ चालला होता आणि मी आपली दुसऱ्याचा खेळ बघावा तशी बघत होते. भीतीसुद्धा वाटली नाही. पूल आला. अंगठ्याने पॉज दाबला. मी नाही दाबला.

"हे काय केलंस?" दारात आई उभी होती.

"आई, मावशीने चुकून प्लग काढला होता, म्हणून मी..."

"तिने नाही, मी काढला." आई पलंगावर बसली. "काकांनी विचारलं, काही राहिलंय का त्याचं. त्याचं काय राहणार? मीच धरून ठेवलं होतं त्याला. फोन ठेवला, इथे आले, प्लग काढला. म्हटलं, जा बाळा." मग टीव्हीकडे बघत म्हणाली, "आणि तू परत बोलावलंस होय गं त्याला?"

मला तिथे रडू फुटलं. फुटलं ते थांबेना. आईने मला जवळ घेतलं, पण प्लगला हात लावला नाही. "आता तू काढ," म्हणाली. "माझ्याने दुसऱ्यांदा नाही व्हायचं."

फोन आणि कावळा हा योगायोग म्हणून मी सोडूनही देईन. हातांचं काय करू? नंतर कितीदा तरी खेळून पाहिलं, अजून पहिल्या खड्ड्यातच मरते. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, माझ्याकडे नाही.

आईने प्लग काढला तेव्हा ती "जा" म्हणाली होती. मीही काढला. पण "जा" म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.