ओल्या पावलांचे चार गुण

तलासरीहून डहाणूला येणाऱ्या दुपारच्या एसटीत मी पेपर तपासतो, हे मुलांना ठाऊक नाही. असतं, तर माझ्या लाल रेघांची वळणं बघून त्यांनी रस्त्यातला प्रत्येक खड्डा ओळखला असता.

अकरावीची इंग्रजीची घटक चाचणी. उतारा वर्षानुवर्षं तोच, एका जुन्या भयकथेचा. समुद्रकाठचं एकटं घर, नवरा बोटीबरोबर बुडालेला, आणि रोज दिवेलागणीला दारावर थाप. बाई दार उघडत नाही. तिसऱ्या दिवशी दार आपोआप उघडतं. बाहेर कुणी नाही, फक्त उंबऱ्यावर ओली पावलं. उतारा तिथे संपतो. खाली प्रश्न : कथेत भीती कशाकशामुळे निर्माण होते? गुण चार. माझं आदर्श उत्तर पाठ : थाप, वारा, अंधार, ओली पावलं. वाण्याच्या यादीसारखं. जिन्नस मोजायचे, गुण द्यायचे, पान उलटायचं.

त्या दिवशी जेवण जरा जास्तच झालं होतं. बस चिकूच्या वाड्यांच्या सावलीत शिरली आणि माझ्या पापण्या उतरल्या. उताऱ्यातलं ते साहेबी घर हळूच उठून चिकूच्या झाडांत येऊन उभं राहिलं. त्याच्या कौलांवर चिकू काढायची जाळीची काठी टेकवलेली. दारातली विधवा मला विचारत होती, "उघडू का, सर?" आणि मी तिला म्हणत होतो, "आधी प्रश्न नीट वाचा." समुद्र पार रस्त्यापर्यंत आला होता, बस त्यातून होडीसारखी जात होती, आणि माझे पाय ओले झाल्यासारखे वाटत होते.

"मसोलीवाले, उठा!" कंडक्टर ओरडला. मांडीवरच्या पेपरवर मी झोपेत भला मोठा भोपळा काढलेला होता. खाली शेरासुद्धा होता, "प्रश्न नीट वाचा." उतरायच्या घाईत तो तसाच राहिला.

तो पेपर एका पाड्यावरच्या मुलीचा होता. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात पेपर घेऊन उभी राहिली. गप्प मुलगी. वर्गात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला.

"सर, मी दोन गुणांनी नापास झाले."

"दिसतंय."

"सगळ्या विषयांत पास नसलं तर वसतिगृहातली जागा जाते. सोमवारी यादी लागते. आमच्या पाड्याला गाडी येत नाही, सर. जागा गेली तर कॉलेजच गेलं."

मी तिचं उत्तर पहिल्यांदा जागेपणी वाचलं. मोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत तिनं लिहिलं होतं : ह्या कथेत भीती नाही, लाज आहे. माणूस तीनदा आपल्या घरी आला आणि कुणी त्याला आत घेतलं नाही. आमच्या घरी नवा भात शिजला की पहिला घास गेलेल्या माणसांसाठी ठेवतात. भीती वाटत असेल तर त्याला वाटते. तो बाहेर उभा आहे.

"छान आहे. पण कथेत असं कुठे आहे?" मी म्हटलं.

"पुढे आहे. तुम्ही पुढचं वाचलंय ना, सर?"

"म्हणजे काय! कितीदा."

वाचकहो, एकदाही नाही. उतारा मी एका गाइडातून उचलला होता आणि आदर्श उत्तर त्याच गाइडाच्या शेवटच्या पानावरून. उताऱ्याला पुढे काही असतं, हे अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तडक ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी रजिस्टरवर बोट फिरवलं.

"ते पुस्तक बाहेर आहे, सर. तुमच्याच वर्गातल्या मुलीकडे. तिसऱ्यांदा नेलंय तिनं. तुम्हाला कशाला हवं? तुम्ही तर तेच शिकवता."

शेवटी तिच्याकडेच मागावं लागलं. तिनं वहीच्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक पुढे केलं. हसली नाही, हे तिचे उपकार. "शेवटची चार पानं वाचलीत तरी चालेल, सर," एवढंच म्हणाली.

रविवारी दुपारी मसोलीत माझ्या घरी, वाडीतल्या खाटेवर ती चार पानं वाचली. उन्हाचे कवडसे ओळींवरून सरकत होते, मागच्या घरात कुणीतरी पाटा धूत होतं. गोष्टीतली ती बाई ओल्या पावलांशेजारी जमिनीवर बसते आणि अंधाराला म्हणते, "उशीर केलास." मग दोन ताटं वाढते. बस्स. भीती कुठेच नाही. मी पुस्तक छातीवर ठेवलं. वाऱ्यानं फाटक वाजलं, आणि उठून बघावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी यादी जाण्याआधी मी तिचा पेपर घेऊन पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलाशी होतो. गुणपत्रक आदल्या आठवड्यातच जमा झालेलं. खाडाखोड केली की शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं.

"बेरजेत चूक लिहा आणि सुटा," बाई म्हणाल्या. "तुम्ही नेहमी तेच लिहिता."

खरं होतं. पेन त्या शब्दांवर आपोआप गेलं. "बे" लिहून झालासुद्धा. पण बेरीज तर बरोबर होती. उद्या कुणी पेपर काढला, तर चारपैकी भोपळा तसाच दिसणार आणि मुलीची जागा पुन्हा लटकणार. मी "बे" खोडला. तिच्या पेपरवर चारपैकी चार केले, गुणपत्रकात बेरीज वाढवली आणि रकान्यात लिहिलं : "शिक्षकाने कथा पूर्ण वाचली नव्हती. विद्यार्थिनीने वाचली होती."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे प्राचार्यांकडे जाणार, माहितीये ना?"

"जाऊ दे."

"अकरा वर्षं, सर?"

"झोप चांगली लागायची हो."

त्यांनी सही केली. दुपारी वसतिगृहाच्या फळ्यावर यादी लागली. मी मुद्दाम लांबून बघितलं. ती मुलगी खालून तिसऱ्या नावावर बोट ठेवून उभी होती. मग वळली आणि सरळ माझ्याकडे आली.

"सर, पुढच्या चाचणीला ती कविता आहे ना, पडक्या देवळातली? तिच्यात शेवटी तो गेलेला माणूस परत येतो का?"

तोंड सवयीनं उघडलं होतं. मी ते मिटलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "त्या कवितेचं पुस्तकही तुझ्याकडेच आहे का?"