तिसरं कडवं

अख्ख्या परभणी जिल्ह्यात गाणं ऐकणारी बाई एकच आहे आणि ती माझी मावशी आहे. बाकी आपण सगळे, मला धरून, नुसता ठेका ऐकतो. मावशी म्हणजे आईची मानलेली बहीण. तरुणपणी ती तमाशाच्या फडात नाचायची. गुडघे गेल्यावर त्याच फडातल्या नऊ जणींच्या बाऱ्यांसाठी गाणी निवडायचं काम तिनं कुणी न देताच स्वतःकडे घेतलं. बारी म्हणजे एकीनं लागोपाठ नाचायची तीन-चार गाणी. इतर फडांत हे काम ढोलकीवाला चहा पिता पिता उरकतो : एक संथ, एक उडतं, एक शिट्ट्यांचं, झालं! मावशीला एका बारीला आठवडा लागतो. ती मोबाइलवर गाणं लावते, थांबवते, एक ओळ दोनशे पानी वहीत उतरवते, पुन्हा लावते. हिंदीत अडलं तर शेजारच्या शाळामास्तरणीला उठवते, तेलुगूत अडलं तर आठवडी बाजारातल्या मिरचीवाल्याला गाठते. त्या बिचाऱ्यानं एकदा गिऱ्हाईक समोर उभं असताना एका प्रेमगीताचा अर्थ खुलासेवार सांगितला. तेव्हापासून मावशी दिसली की तो पोत्याआड बसतो.

तिचा सिद्धांत एकच. "पहिलं कडवं गिऱ्हाइकासाठी, दुसरं चालीसाठी. लिव्हणाऱ्याच्या पोटातलं तिसऱ्यात असतंय. आन् तवर समदे नाचायला उठलेले असतेत!" या सिद्धांतामुळे लग्नात तिला बोलवायला लोक कचरतात. पालमला एका हळदीत पोरी ज्या गाण्यावर गरगर फिरत होत्या, ते नवऱ्यानं टाकून दिलेल्या बाईचं निघालं. मावशीनं उठून स्पीकरची वायरच उपटली. नवरीच्या आईनं आधी तिच्या सात पिढ्या काढल्या, मग अर्थ ऐकला, मग मुलीची दृष्ट काढली आणि शेवटी ती मावशीला एसटीत बसवून द्यायला स्वतः आली.

मी पत्रकं लिहिते. महिला हक्कांच्या मोर्चात पुढं असते, उद्गारचिन्हं सढळ हातानं वापरते. एकदा आमच्या मोर्चाची रिक्षा स्पीकरवर जोशाचं गाणं लावून परभणीच्या बाजारातून चालली होती, तर मावशी भर रस्त्यात आडवी उभी राहिली.

"ए पत्रकवाले, ह्यात काय म्हणायलेत ऐकलीस का?"

"मावशी, गाणं नारीशक्तीचं आहे!"

"व्हय? तिसऱ्या कडव्यात त्यो म्हणतोय, तू माझी रानी, तुला उंबऱ्याच्या बाहीर पाऊल टाकू देणार न्हाई. आन् तुमी चाळीस बायका उन्हातान्हात त्याच्या मागं चालल्याव."

मी हट्टानं गाणं पूर्ण वाजू दिलं. तिसरं कडवं आलं. पुढची सगळी वाट आम्ही घोषणांवर काढली.

तर यंदाची गोष्ट. झरीच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे. तिथल्या जत्रा कमिटीनं ऐन वेळी ठरवलं की फडाला दिलेली सुपारी परत घ्यायची आणि डीजे आणायचा. कारण? गाणी अश्लील! मी स्पष्ट लिहिते : ही तक्रार करणारे दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात आणि टॉवेलही तेच उडवतात. पण राग गिळावा लागला, कारण त्या गावची जत्रा हंगामातली पहिली. तिथून फड परत आला की चारठाण्यापासून पालमपर्यंत सगळे नकार देतात आणि नऊ बायका वर्षभर घरी बसतात. नऊजणींची घरं कमिटीच्या एका बैठकीवर उभी होती.

मी दोन तासांत 'जाहीर निषेध' लिहून काढला आणि मावशीबरोबर बैठकीला गेले. देवळाच्या पारावर कमिटी बसली होती. मी उभी राहून "या सरंजामी मानसिकतेचा..." एवढं म्हणते न म्हणते तोच मावशीनं माझा पदर, म्हणजे ओढणी, खाली ओढली. "बस गं. तुझं कागद गाईला घाल." आणि वही उघडली.

"अध्यक्ष, कंचं गानं खराब हाय?"

अध्यक्षांनी नाव सांगितलं. फडातल्या एका पोरीच्या बारीतली लावणी. गेली तीन वर्षं गाजत होती.

"त्याचं तिसरं कडवं म्हना बरं."

कुणालाच येईना. अध्यक्ष म्हणाले, "आवो, आमाला काय पाठ हाय का? हावभाव बगितले आमी!"

"तेच बगता तुमी." मावशीनं चष्मा लावला आणि तलाठी नोटीस वाचतो तशा आवाजात ते कडवं वाचलं. त्यात नाचणारी बाई पहिल्या रांगेतल्या माणसाला म्हणते : घरी जा रे, तुझं लेकरू तापानं फणफणलंय, मी काय उद्याही इथंच आहे. दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारे दोघं-तिघं आपापल्या चपला न्याहाळू लागले.

"आता तुमच्या डीजेची यादी द्या." यादी आली. मावशीनं एका गाण्यावर बोट ठेवलं. "गेल्या साली तुमच्या सत्काराला हेच वाजलं न्हवं? 'राजा आला, राजा आला' म्हनून?"

"व्हय! लय भारी गाणं हाय," अध्यक्ष फुलले.

मावशीनं पान उलटलं. तिसऱ्या कडव्यात राजा गावचं तळं विकतो, देवळाची घंटा काखोटीला मारतो आणि नदीपार पळून जातो. "या कडव्यावर तुमी हात जोडीत स्टेजला दोन चकरा मारल्या, अध्यक्ष. म्या मोजल्यात."

पहिला हसला तो गुरव. मग पार हसला, पारामागचा पानटपरीवाला हसला, आणि शेवटी अध्यक्षही पोट धरून हसले. माणूस वाईट नव्हता, नुसता ठेक्यावर चालणारा होता. "बाई, तुमीच या. पर माझ्या सत्काराचं गाणं आता तुमीच निवडा," ते म्हणाले. सुपारी कायम! मी आयुष्यात लिहिलेल्या एकाही पत्रकानं अर्ध्या तासात एवढं काम केलेलं नाही, आणि हे मान्य करताना मला अजूनही थोडं दुखतं.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, हा नाद लागला कसा? ती खिडकीबाहेर बघत बोलली. तरुणपणी तिचं गाजलेलं गाणं उर्दूतलं होतं. अर्थ माहीत नव्हता. उस्तादांनी जिथं सांगितलं तिथं मुरकायचं, जिथं सांगितलं तिथं हसायचं. अकरा वर्षं. एकदा परभणीत ब्लाउजचं माप देताना ती ते गुणगुणली, तर म्हाताऱ्या शिंपीचाचांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "बाई, इसमें हँसने का क्या हाय?" तिसऱ्या कडव्यात नाचणारी पोर म्हणते : आईला निरोप द्या, मी सुखात आहे, पायाच्या जखमांचं तेवढं सांगू नका.

"म्या तिथंच हसायचे गं," मावशी म्हणाली. "लोक म्हनायचे, काय हसती!"

जत्रेत देवळापुढं सकाळी फडाची हजेरी असते, म्हणजे देवासाठी नाचायचं. यंदा हजेरीच्या शेवटी मावशीनं तेच उर्दू गाणं ठेवलं आणि सगळ्यात धाकट्या पोरीला दिलं. आधी आठ दिवस तिला प्रत्येक ओळ समजावली. मी पुढंच उभी होते, मावशी बाजूला वही छातीशी धरून. तिसरं कडवं आलं. लोकांनी शिट्ट्या मारल्याच, टॉवेलही उडाले.

पोरगी हसली नाही. मावशीनं डोळे पुसले नाहीत, नुसती वही मिटली.