चिमाजीची गपगार जीप

चिमाजी दिंडोरी-वणी रस्त्यावर जीप चालवायचा. त्र्याऐंशी साली त्यानं जीपमध्ये टेप बसवला, पण बायकोनं, नवसाबाईनं जयंतीला गायलेल्या भीमगीतांची कॅसेट पत्र्याच्या खडखडाटात ऐकूच येईना.

"ऱ्हाऊ द्या की," नवसाबाई म्हणायची. पण गडी इरेला पेटला. त्यानं दारांत काथ्या कोंबला, टपाला आतून गोणपाट शिवलं, पायाखाली गोधड्या अंथरल्या. जीप गपगार झाली.

मग नवसाबाईला शेजारी बसवून त्यानं ऐटीत बटण दाबलं. गाणं खणखणीत लागलं, पण त्यात कुणीतरी ढाराढूर घोरत होतं.

"कोण हाय हा बिनडोक?" चिमाजी खवळला.

"माइकापाशी तुमीच बसला व्हता," नवसाबाई म्हणाली. "म्हनून तर म्हनत व्हते, खडखडाट ऱ्हाऊ द्या."