आता तास कोणाचा आहे?

किस्से गोळा करायला मी कधी बसले नाही हो! रोह्याजवळच्या एका शाळेत नऊ वर्षं पर्यवेक्षिका होते, एवढाच माझा गुन्हा. घंटा झाली की स्टाफरूमच्या दारात उभं राहून ओरडायचं, "आता तास कोणाचा आहे?" मग चहाचे कप खाली ठेवत एकेक जण उठायचा आणि उठता उठता काहीतरी बोलून जायचा. त्या बोलण्याचाच हा ढीग.

*

इतिहासाचे पाटील सर. धाटावच्या कंपनीचा सायरन वाजला की यांचा खडू खाली! शाळेची घंटा व्हायला अजून दहा मिनिटं असली तरी. एकदा महाराज शामियान्यात शिरले, खानाने मिठी मारायला हात पसरले आणि सायरन झाला. सर वर्गाबाहेर! पुढे लागून तीन दिवस सुट्टी. म्हणजे तीन दिवस खान तसाच हात पसरून उभा!

मी चिडून विचारलं, "सर, तुम्ही नोकरीला शाळेत आहात की कंपनीत?"

"मॅडम, सायरन टायमावर होतो. आपल्या घंटेचा काय भरवसा?"

*

भूगोलाचे म्हात्रे सर पेणहून यायचे. त्यांचं पाठटाचण, म्हणजे उद्या काय शिकवणार त्याची वही, नेहमी वेळेवर. तपासायला घेतली तर प्रत्येक पान झेरॉक्स! तेही चाललं असतं. पण खाली "छान" असा शेरा आणि सही. सही माझ्या आधीच्या पर्यवेक्षकांची, ज्यांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती!

"हे काय, सर?"

"तुमचाच त्रास वाचवला, मॅडम."

*

पालकसभेत याच म्हात्रे सरांनी नववीतल्या एका मुलीची तक्रार केली, "हिचं वर्गात लक्ष नसतं." तिची आई भाताच्या शेतावरून थेट आलेली, पायाला चिखल तसाच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"बाई, सर वर्गात कवा असतात तेवढं सांगा. त्या टायमाला ही लक्ष देईल. काय गो, देशील ना?"

मुलगी म्हणाली, "व्हय."

*

मग पेणला शिक्षकांसाठी शिबिर झालं. विषय, प्रेरणा! दुपारी पाहुण्यांनी प्रत्येकाला चिठ्ठी दिली. "मला शाळेत यावंसं का वाटतं?" ते लिहायचं. आमच्या शाळेच्या चार चिठ्ठ्या आल्या. चारही एकाच अक्षरात! तिघं जेवून परस्पर एस्टीने निघून गेले होते. पाटील सर एकटे मागे राहून चौघांची प्रेरणा लिहीत बसले होते.

पाहुणे कौतुकाने म्हणाले, "तुमच्या शाळेत विचारांची केवढी एकवाक्यता आहे!"



*

आणि विज्ञानाच्या ठाकूर बाई. या बाईंना मला कधी हाक मारावी लागली नाही, घंटेआधी वर्गात! तर नेमकं त्यांनाच सरकारी सर्वेक्षणाच्या ड्युटीला काढलं. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि बाई रजिस्टर घेऊन शेजारच्या अष्टमी गावात दारोदार. तीन आठवडे दहावीला विज्ञान नाही. तो तास मी पाटील सरांना दिला, त्यांनी मुलांना "शांत बसा" एवढंच शिकवलं.

एका सकाळी ठाकूर बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर किरकोळ रजेचा अर्ज ठेवला. कारण : दहावीला शिकवायचे आहे.

मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, रजेवरचा माणूस शाळेत कसा?"

"आणि ड्युटीवरचा माणूस शाळेबाहेर कसा, सर?"

सरांनी पेन काढून सही केली.

त्या दिवशी बाईंनी मधली सुट्टी सोडून सगळे तास दहावीला घेतले. आवाज बसला, पण दोन धडे पुरे केले. शाळा सुटली तरी मुलं उठेनात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने भीत भीत हात वर केला.

"बाई, उद्या पण रजा टाकाल ना?"