शिलाईवालीची सासू

शिलाईवालीला इंग्रजीची हौस नव्हती, गरज होती. अंथरुणाला खिळून सासूच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्या आता हाडापर्यंत पोचल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार मिळत, पण फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना. म्हणून तिला सेविकेची जागा हवी होती, आणि मुलाखत इंग्रजीत होती.

याच जागेसाठी अर्ज केलेल्या बायकांच्या शिकवणीत एकदा मास्तरांनी विचारलं, "पूर्वी सुरू झालेलं आणि अजून चाललेलं काम सांगा. 'हॅव बीन' त्यासाठीच असतं." बाकीच्या बायका माना खाली घालून बसल्या. हीच म्हणाली, "सहा वर्षं सासूचं करतेय, मास्तर. संपायचं नाव नाही!" सगळ्या हसल्या. मास्तरांनी तेच फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: आय हॅव बीन लुकिंग आफ्टर माय मदर-इन-लॉ फॉर सिक्स इयर्स.

"सगळ्यांनी हेच पाठ करा. दवाखान्यात शोभेल."

हिला कोण अभिमान! अडखळणाऱ्या बायकांकडून हिनेच ते घोकून घेतलं. घरी कापड बेतताना तेच, सासूची कूस बदलताना तेच. सासू म्हणायची, "माझी कीर्ती इंग्रजीत गेली गं बाई!"

मुलाखतीत हिचा नंबर शेवटचा लागला. तिने एका दमात वाक्य म्हटलं. टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सकाळपासून ही सातवी सासू. आणि सगळ्यांची सहाच वर्षं!"

"अहो, खरी माझीच आहे ती," इंग्रजी विसरून शिलाईवाली कळवळली. "पाठीच्या जखमेत बोट जातं तिच्या. घरी चला, दाखवते."

"पाठ करून येणाऱ्या नकोत आम्हाला," बाई म्हणाल्या आणि फाईल मिटली.

बोल लावायचा तर कोणाला? धोंडा हिनेच आणला होता, हिनेच पायावर मारून घेतला होता. वाटेत तिला रडूही आलं नाही. आता कुठलंच दार ठोठावायचं राहिलं नव्हतं, एवढंच तिला कळत होतं.

घराचं दार उघडलं तोच जखमेचा वास आला. सासू वाटेकडे डोळे लावून पडली होती.

"आपलं वाक्य म्हटलंस ना गं?"

"म्हटलं, आई."

"चुकली नाहीस ना कुठे?"

"नाही. एक अक्षर नाही चुकले."

"मग झालं तर! आता माझी पाठ बरी होणार," म्हातारी म्हणाली, आणि कूस वळवायला तिने आपणहून हात पुढे केला.