शेजारच्या खाटेवरच्या हिराबाई

हिराबाई माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी पोटाकडे बघायच्या. नेरूळच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा शेजारच्या खाटेवरून त्या म्हणाल्या, "बाई, छातीनं दम नको घेऊ. पोट फुगू दे."

पक्षाघाताने माझी उजवी बाजू लुळी पडली होती. जन्मभर शाळेत शिकवलेली मी, एक वाक्य बोलताना मध्येच धापा टाकायचे आणि आधाराशिवाय बसवलं की कलंडायचे. हिराबाई सारसोळ्याच्या; मासळी विकण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना झटका माझ्या आधी येऊन गेला होता, म्हणून त्या स्वतःला सिनियर म्हणवून घेत. फिजिओथेरपिस्ट मॅडम व्यायाम सांगून दुसऱ्या पेशंटकडे वळल्या की हिराबाई माझा ताबा घेत. गुडघे दुमडून उताणं पडायचं, श्वास हळूहळू सोडत पोट आत ओढायचं, मग खाटेच्या कडेला हात न टेकता बसायचं. मी कलंडले की त्यांचा खांदा तिथे असायचाच. "टेक. मी पन अशीच पडायचे," एवढंच म्हणत.

एकदा मात्र मी सगळ्यांदेखत खाटेवरून खालीच पडले. लागलं फारसं नाही, पण लाज इतकी वाटली की जाणंच सोडलं. नवऱ्याने समजावलं, मुलगी रागावली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठवडाभराने हिराबाई सुनेला घेऊन, रिक्षा करून आमच्या सोसायटीत आल्या. काठी टेकत आत येऊन माझ्या पलंगावर बसल्या. आता या बोलणार, म्हणून मी डोळे मिटले.

"तुला समजवायला नाय आले," त्या म्हणाल्या. "तिथं एकटीला करमत नाय, म्हनून इथंच व्यायाम करते."

आणि खरंच करू लागल्या. त्यांचा सावकाश सुटणारा श्वास ऐकत थोडा वेळ मी तशीच पडून होते. मग मीही त्यांच्याबरोबर श्वास सोडू लागले. दुसऱ्या दिवशी सेंटरला गेले.

पुढे मी बसू लागले, काठीने चालू लागले. हिराबाई मात्र मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या झटक्याने झोपेतच गेल्या.

मी सारसोळ्याला त्यांच्या घरी गेले. ऊर भरून आला होता. आधी पोटातून श्वास घेतला, सावकाश सोडला आणि सुनेला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंनी मला परत बसतं केलं." वाक्य मध्ये कुठे तुटलं नाही.

ती डोळे पुसत म्हणाली, "आईंची रोज सकाळी सेंटरला निघायची घाई असायची. बाई एकटी बसली असंल, म्हनायच्या."