कुलूपवाली साइट आणि बोंडअळीचे अर्ज

एक माणूस म्हणतो, "माझ्यावर भरवसा ठेवा." दुसरा म्हणतो, "त्याच्यावर ठेवू नका." दोघांनाही तुम्ही ओळखत नाही. मग कोणाचं ऐकाल? बियाणं विकणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पण बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली त्या साली तो मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर भेटला. भरपाईचे अर्ज ऑनलाइन. मुदतीत अर्ज गेला नाही, की त्या शेतकऱ्याची भरपाई गेली! आणि साइट कुलूपवाली. पत्त्याशेजारी ते छोटं कुलूप दिसलं तर ठीक, नाहीतर लाल इशारा : या साइटवर भरवसा ठेवू नका.

पिंपळगाव राजा या गावातल्या आमच्या कृषी केंद्रात, म्हणजे बियाण्याच्या दुकानात, चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. जोडणी माझीच, मोडूनतोडून शिकलेली. त्यामुळे आसपासच्या दुकानदारांचे फोनही मलाच. गोदामात रिकामी पोती साठतात तसे हे किस्से साठले. मुद्दाम कोण गोळा करतं?

*

पहिल्याच दिवशी पडद्यावर आलं, 'तुमचे कनेक्शन खासगी नाही.' आमच्या काउंटरवरच्या सलीमनं ते वाचलं, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढलं.

"काऊन बे?"

"शेठ, प्रायव्हेट नाही म्हणून राह्यलं. आता फक्त तुमी आन मी. पाहा, खुलते आता!"

नाही खुलली.

*

खरं कारण निघालं अँटिव्हायरस. साइटवरून येणारा प्रत्येक लखोटा तो मधेच फोडून पाहायचा आणि वर स्वतःचं सील लावून पुढे द्यायचा. हे सील कोणाचं, ते ब्राउझरला कळेना.

काढून टाकायचं, एवढंच काम. पण तो बसवला होता आमच्या जावयानं! घरून हुकूम आला, "जावयानं लावलेलं काढता? काय वाटेन त्यायले!"

शेवटी फोन करून परवानगी मागितली. जावईबापू म्हणाले, "मामाजी, तो अजून आहे का तुमच्याकडे? मी तर कधीच काढून टाकला!"

*

सलीमची एक खोड. लाल इशारा आला, की 'तरीही पुढे जा' दाबून मोकळा. लोकांचे आधार नंबर, बँकेचे नंबर त्यात भरायचे! मी विचारलं, "बियाण्याच्या पिशवीचं सील तुटलेलं असलं तर घेशील का?"

"नाही शेठ!"

"मग हे काऊन दाबतो?"

"पिशवीले पैसे लागतात. बटन फुकट आहे!"

*

एकदा मात्र वायर, राउटर, सगळं तपासलं. मोबाइलवरही तोच इशारा. म्हणजे दोष तिकडचा! साइटच्याच प्रमाणपत्राची मुदत संपली होती. हेल्पलाइनवाला म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

सलीमनं फोन माझ्या हातातून घेतला. "साहेब, आमचं लायसन संपलं तर आमचंच दुकान बंद. आन तुमचं संपलं तरी आमचाच कॉम्प्युटर बंद?"

*

अर्जांचा शेवटचा दिवस. वरवट बकालच्या गजाननशेठचा फोन. तेही बियाणेवाले.

"भाऊ, एकाही कॉम्प्युटरवर साइट खुलून नाही राह्यली. मोबाइलवर खुलते, पण त्याच्यावरून अर्ज जात नाही. माणसं बसली आहेत!"

"तारीख बरोबर आहे का?"

"हाव! आज एकादशी."

भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगत होते! मी मोटारसायकल काढली.

पाहतो तर सगळ्या कॉम्प्युटरांत जून महिना. बाहेर थंडी, आत पेरणी! साइटचं प्रमाणपत्र जूनमध्ये निघालंच नव्हतं, मग कॉम्प्युटर ते मानणार कसा? तारीख सरळ केली. कुलूप दिसलं. गजाननशेठनं माझा हात धरला.

"राहू द्या भाऊ. पेरणीच्या टायमाले बिलं देल्ली नाहीत. अर्जाले बिल लागते. आता जूनच्या तारखेनं छापून राह्यलो."

म्हणजे तारीख जूनची ठेवली, तर बिल निघतं पण अर्ज जात नाही. आजची ठेवली, तर अर्ज जातो पण बिल आजचं! शेठनं तोडही काढली होती. "बिलापुरतं मागं नेऊ, अर्जापुरतं पुढं आणू!"

रांगेत पहिल्या होत्या कौसल्याबाई. दोन एकर कपाशी, सगळी बोंडं किडकी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शेठ, बियाणं खरं, मी खरी, मंग तारीख खोटी काऊन? उद्या साहेबानं पुसलं तर मी काय सांगू? आजचंच बिल द्या. त्याच्यावर लिवा, बियाणं पेरणीले देल्लं, बिल आज देऊन राह्यलो. आन सही करा."

"बाई, बिनाबिलाचं इकलं म्हणून माह्यं लायसन जाईन!"

"आन माह्यं पीक गेलं, ते?"

गजाननशेठनं आजच्या तारखेचं बिल छापलं. मग लिहिलं, खाली सही केली. बाईंचा अर्ज गेला. मागून एक जण उठला, "शेठ, माह्या बिलावरही तसंच लिवा!" मग दुसरा. मग सगळेच.

तुमचं दुकान असो, नसो. विनंती एकच : ज्या दिवसाचा व्यवहार, त्याच दिवशी हिशोबात खरा लिहीत जा.